नाव राहिलं

सोमवारी उद्यमनगर बंद.
पहाटे साडेपाचला मगदूम मिस्त्री गाडीवर माझ्या मागे,
गळ्यात दुर्बीण, तिची एक काच धुरकट,
खिशात जॉबकार्डांच्या पाठकोऱ्या कागदांची वही.
शिवाजी पुलावर धुकं,
पुढे गुऱ्हाळांचा वास वाघबीळपर्यंत सोबत.
मिस्त्री सगळी वाट कानाशी ओरडत राहतात,
त्यांचा आवाज त्यांनाच पुरता पोचत नाही.

मसाईच्या पठारावर पाय ठेवला की गप्प.

फुलं बघायला आलेली माणसं सप्टेंबरातच परत गेली.
आता उघडा जांभा, त्यावर पिवळं पडलेलं गवत,
आणि त्या गवताचा एखादा तुकडा
चार पावलं पळतो, थांबतो, ताठ होतो,
तेव्हा कळतं.

तीरचिमणी. पण कुठली?
"छातीवरच्या रेघा बघ. डोळ्याफुडं काळी पट्टी हाय का?
मागचं नख बघ, किती लांब."
मी लेथवर दोन शतांश मिलिमीटर पकडणारा माणूस,
चाळीस फुटांवरनं, व्हर्निअरशिवाय,
गवतात बुडालेलं नख कसं मोजू?

शिकलो हळूहळू.
खडकावर सावकाश चालते, चोच लांब, ती इथलीच.
खाली तुटलेल्या उसाच्या रानात शेपूट हलवत फिरते
ती धानातली, तीही घरचीच.
उठवल्यावर जमीन सोडून आंब्यावर जाऊन बसते
ती दसऱ्यानंतर येणारी, शिमग्यानंतर जाणारी.
राहिल्या दोघी.
मंगोलियाकडच्या गवतातनं इतक्या लांब येऊन
आमच्याच गवतात उतरणाऱ्या,
एकमेकींसारख्या, आणि धानातलीसारख्याही.
तिथं डोळा पुरत नाही.
उडताना त्या एकदा बोलतात,
त्या एका शब्दावर सगळं.

आणि नेमका तोच शब्द मिस्त्रींच्या कानातनं गेलाय.
बेचाळीस वर्षं फौंड्री, त्यातली वीस ग्राइंडरवर.
ट्रक ऐकू येतो, माझी शिवी ऐकू येते.
बारीक होतं ते गेलं.
"पयला ह्यांचाच आवाज गेला," म्हणतात,
पोरगी नांदायला गेल्याचं सांगावं तसं.
म्हणून मला घेऊन येतात. मी त्यांचा कान.

"बोलली?"
"बोलली."
"काय म्हनली?"
"श्रीप. खरखरीत, मोठ्यानं."
"थोरली. लिही."

या सोमवारी पायाखालनंच एक उठली.
उंच गेली, उतरण्याआधी क्षणभर जागेवर फडफडली,
आणि बोलली. बोलली हे नक्की.
माझ्या हातात फोन होता,
मालकाचा मेसेज, मंगळवारच्या बुशांच्या मापाचा.

मिस्त्री वळले. "ऐकलंस?"
काहीही सांगता आलं असतं.
पठारावर तिसरं माणूस नव्हतं,
आणि वही त्यांच्याच घरातल्या फळीवर जाऊन बसणार होती.

"न्हाई. लक्ष नव्हतं."

रागावले नाहीत. तारीख घातली,
वारा पूर्वेचा, गवत गुडघ्याएवढं.
तीरचिमणी, एक. नाव राहिलं.

मग वहीची मागची पानं उलटून
माझ्यासमोर धरली. शाई उडालेली,
मी शाळेतही नव्हतो तेव्हाच्या तारखा.
नाव राहिलं. नाव राहिलं. एकाच हिवाळ्यात अकरा वेळा.
"कान धड हुता तवा बी," म्हणाले,
आणि पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं.

फोन बंद करून डिकीत टाकून आलो.
ती जिथं उतरली होती तिथं
गवत अजून एकाच बाजूला हलत होतं,
वारा दुसऱ्या बाजूचा असून.